पोत्यातला बुरा आणि तळ्यातला मासा

मासा मेला की दोष पाण्याचा, मासा वाढला नाही की दोष बियाण्याचा आणि संस्था तोट्यात गेली की दोष खुद्द मासेमाराचा, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. पोत्याला कोणी दोष देत नाही. ज्या पोत्यातून रोज सकाळी ढेप आणि कोंडा तळ्यात पडतो, त्या पोत्यात नेमके काय आहे, हे तपासण्याची गरज ना व्यापाऱ्याला वाटते, ना अधिकाऱ्याला. आजचा हा लेख त्या पोत्याविषयी आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पोळा होऊन आठवडा झाला असेल. भंडारा जिल्ह्यातल्या एका गावची पाच माणसे माझ्या कार्यालयात आली. ढीवर समाजाची, मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद. त्यांच्यात जे वयाने मोठे होते त्यांनी बसण्याआधीच विचारले, "वकीलसाहेब, बोटुकली चांगली होती, पाणी चांगलं होतं, मग मासा वाढला काहून नाही?" संस्थेने कर्ज काढून लहान तळ्यांत रोहू-कटला सोडला होता. जूनमध्ये तालुक्याच्या बाजारातून शेंगदाण्याची ढेप आणि भाताचा कोंडा एकदमच घेऊन ठेवला होता. पावसाळाभर पोती भिंतीला लावून रचलेली. ऑगस्टपासून मासा खाद्यावर येईना. मग कल्ले पांढुरके दिसू लागले, अंगावर लाल चट्टे आले आणि रोज दहा-वीस मासे उलटे तरंगू लागले. चिरून पाहिले तर काळीज पिवळट.

मी वकिलाचे प्रश्न विचारले. खाद्य शिल्लक आहे का? संपले. पोती? धुऊन दारात पायपुसणी केली. पक्के बिल? कच्ची चिठ्ठी होती, ती पावसात भिजली. मेलेले मासे? वास सुटला म्हणून पुरले. कोणी अधिकारी पाहून गेले का? फोन केला होता, पण "पाणी बदला" एवढेच सांगितले. व्यापाऱ्याकडे गेले तेव्हा तो म्हणाला, माझ्या ढेपेने मासे मेले हे सिद्ध करून दाखवा.

मी तो खटला हरलो नाही, कारण खटला उभाच राहिला नाही. खाद्यच कारण होते असे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पावसाळ्यात तळ्यात पहाटे प्राणवायू कमी पडूनही मासे मरतात, उवांनी मरतात, जिवाणूंनी मरतात. पण खाद्य कारण नव्हते असेही कोणी सांगू शकत नाही. आणि खरे दुखणे नेमके हेच आहे. जिथे तपासणीच होत नाही, तिथे विष नेहमीच निर्दोष सुटते आणि नुकसान नेहमी एकाच घरी मुक्कामाला येते.

हे विष म्हणजे काय, ते आधी समजून घेतले पाहिजे. धान्याला, ढेपेला, कोंड्याला ओल लागली की बुरशी धरते. आपल्याकडे त्याला बुरा लागणे म्हणतात. काही बुरशा वाढताना आपल्या अंगातून विष सोडतात. शास्त्रज्ञ त्याला मायकोटॉक्सिन म्हणतात. आपण बुरशीविष म्हणू. त्यातले सर्वांत कुप्रसिद्ध अफलाटॉक्सिन. ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीपासून ते तयार होते. शेंगदाणा, सरकी, मका ही या बुरशीची आवडती ठिकाणे. धान्यात तेरा-चौदा टक्क्यांच्या वर ओल राहिली आणि हवा उबदार असली की तिचे फावते. शेंगदाण्याला तर आठ-नऊ टक्क्यांच्या वरची ओलही धोक्याची. आपला जून ते ऑक्टोबर म्हणजे या बुरशीचा सुगीचा हंगाम.

बुरशी दिसते, विष दिसत नाही. बुरशी झटकता येते, विष झटकता येत नाही. ढेप उन्हात वाळवली तर बुरशीची वाढ थांबेल, पण आधी तयार झालेले विष बहुतांशी तिथेच राहील. शिजवल्याने, वाफवल्याने, गोळी खाद्य तयार करताना लागणाऱ्या उष्णतेने ते पुरते नष्ट होत नाही. म्हणून कारखान्यात तयार झालेली चकचकीत गोळी असली म्हणजे खाद्य निर्धोक, असे समजण्याचे कारण नाही. कच्चा माल बुरसटलेला असेल तर गोळीही विषारीच निघते.

या विषाचा शोध कसा लागला, हा इतिहास आपल्या वाचकांना माहीत असायला हवा. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. रोग कळेना म्हणून त्याला 'टर्की एक्स' असे नाव पडले. शोध घेता घेता धागा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोहोचला आणि त्या पेंडीत अफलाटॉक्सिन सापडले. त्याच सुमारास अमेरिकेच्या पश्चिम भागातील हॅचरींमध्ये वाढवलेल्या रेनबो ट्राउट माशांच्या यकृतात गाठी दिसू लागल्या. एक-दोन नव्हे, साथीसारख्या. मासा आणि कर्करोग, तोही हजारोंच्या संख्येने? आधी कोणाचा विश्वास बसेना. मग लक्षात आले की त्या हॅचरींनी ओल्या मांसाचे खाद्य सोडून कोरडे गोळी खाद्य सुरू केले होते आणि त्या गोळीत सरकीची पेंड होती. पेंडीत अफलाटॉक्सिन होते. पुढे प्रयोगांनी दाखवले की ट्राउटला शंभर कोटी भागांत अर्धा भागही नव्हे, ०.४ भाग एवढे अफलाटॉक्सिन पंधरा महिने खाद्यातून दिले तरी चौदा टक्के माशांच्या यकृतात गाठी होतात. ०.४ भाग म्हणजे एक टन खाद्यात अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी. चिमूटभर मिठाचा एखादा कण डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अंदाज येईल.

आपल्या रोहू-कटल्याची गोष्ट वेगळी आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ट्राउट हा या विषापुढे सर्वांत नाजूक मासा. उष्ण पाण्यातले मासे पुष्कळ कणखर असतात. तिलापियावरच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आठ आठवडे चाललेल्या परीक्षेत, किलोमागे पाव मिलिग्रॅम अफलाटॉक्सिनने वाढीवर फरक पडला नाही. अडीच मिलिग्रॅमपासून पुढे वाढ घटली. शंभर मिलिग्रॅमला निम्म्याहून अधिक मासे मेले. हे आकडे पुढे करून कोणी म्हणेल, मग आपल्याला भीती कशाची?

भीती अशी की आपला मासा पटकन मरत नाही, तो हळूहळू खंगतो. विष यकृतावर बसते. यकृत त्या विषाची विल्हेवाट लावू पाहते आणि त्या खटपटीत त्याचे अधिक घातक रूप तयार होते, जे पेशीच्या गाभ्यातल्या डीएनएला जाऊन चिकटते. यकृत बिघडले की खाल्लेले अंगी लागत नाही, रक्त कमी होते, कल्ले फिके पडतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोगाशी लढण्याची ताकद जाते. भुवनेश्वर येथील केंद्रीय संस्थेतल्या संशोधकांनी आपल्या रोहूवरच हे तपासले आणि २००१ साली ते प्रसिद्ध झाले. तो प्रयोग विष टोचून केलेला होता, खाद्यातून दिलेला नव्हता. तरी निष्कर्ष स्पष्ट होता. अफलाटॉक्सिनने रोहूची प्रतिकारशक्ती ढासळते. मग तळ्यात नेहमीच असणारे जिवाणू, ज्यांना निरोगी मासा जुमानत नाही, ते चढाई करतात. अंगावर लाल चट्टे येतात. मासा चट्ट्याने मेला असे दिसते आणि 'औषध टाका' असा सल्ला मिळतो. औषधाचे बिल पुन्हा मासेमाराच्याच खात्यावर. घर पोखरले वाळवीने आणि खापर फुटले वाऱ्यावर, असा हा प्रकार.

अफलाटॉक्सिन एकटे नाही. ऑक्राटॉक्सिन मूत्रपिंडावर जाते. मक्यावरची फ्युजारियम बुरशी फ्युमोनिसिन सोडते. तिच्याच जातीतल्या बुरशा डीऑक्सिनिव्हॅलेनॉल सोडतात, ज्याने ट्राउटसारख्या माशाची भूकच मंदावते. झिअरालेनोन नावाचे विष तर शरीरात मादीच्या संप्रेरकासारखे वागते आणि प्रजनन बिघडवते. एकाच पोत्यात यांतली दोन-तीन विषे एकत्र असू शकतात. पूर्वी माशांच्या खाद्यात मासळीचे कूट जास्त असे. ते महागले, समुद्रातली मासळी कमी झाली, म्हणून जगभर सोया, मका, शेंगदाणा, सरकी, कोंडा यांचे प्रमाण वाढत गेले. खाद्य शाकाहारी झाले तसे शेतातली बुरशी तळ्यात उतरली.

आणि हा काही कोपऱ्यातला व्यवसाय उरलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२२ साली जगात पहिल्यांदा पकडलेल्या जलचरांपेक्षा पाळलेल्या जलचरांचे उत्पादन जास्त झाले. भारताचे मासळी उत्पादन २०२२-२३ मध्ये १७५ लाख टनांवर गेले आणि त्यातला तीन चतुर्थांश वाटा गोड्या पाण्याचा आहे. २०२० साली केंद्राने वीस हजार कोटींहून मोठी मत्स्यसंपदा योजना आणली. तळी खोदायला पैसा, पिंजऱ्यांना पैसा, खाद्याच्या गिरण्यांना पैसा. चांगली गोष्ट आहे. पण या साऱ्या व्यवसायात खर्चाचा सर्वांत मोठा घास खाद्याचा असतो. ज्याच्यावर सर्वाधिक पैसा जातो, त्याच्या शुद्धतेची हमी मात्र सर्वांत कमी, हे कोणते नियोजन?

आपल्या पूर्व विदर्भाकडे पाहा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा तळ्यांचा मुलूख. सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव येथे आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, 'मामा तलाव' हे नाव उरले. या तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या ढीवर, भोई, कहार समाज जगत आला. तलाव ठेक्याने मिळतात, संस्था कर्ज काढते, बोटुकली सोडते. जुन्या काळी मासा तलावातल्या नैसर्गिक अन्नावर वाढे. आता जास्त उत्पादन हवे म्हणून बाहेरचे खाद्य आले. हाच भाताचा मुलूख, म्हणून कोंडा येथलाच. शेजारी कापसाचा मुलूख, म्हणून सरकीची ढेप तिथली. शेंगदाण्याची ढेप बाहेरून. तिन्ही माल ओलीला आणि बुरशीला उघडे. गोदामे पत्र्याची, जमीन ओलसर, आणि सभासदाच्या घरी तर माणूस झोपतो तिथेच पोते.

ढेपेत विष का साचते, याचेही एक गणित आहे आणि ते समजले की समाजाचे चित्र दिसू लागते. शेंगदाण्याची प्रतवारी होते. टपोरा, निरोगी दाणा निर्यातीला जातो, कारण युरोपची मर्यादा फार कडक. त्याखालचा दाणा शहरातल्या दुकानात. सुरकुतलेला, तुटका, काळपट दाणा घाण्यावर. घाण्यावर तेल निघते. शुद्धीकरणात तेलातले विष बहुतेक निघून जाते. विष उरते ते चोथ्यात, म्हणजे ढेपेत. ती ढेप गुरांना आणि माशांना. म्हणजे उत्तम माल वर वर चढत जातो आणि विष पायरी पायरीने खाली उतरत जाते. सर्वांत खालच्या पायरीवर कोण उभे असते, हे या वर्तमानपत्राच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

त्या पायरीवर केवळ मासा नसतो, माणूसही असतो. गिरणीत ढेप फोडणारा, पोती वाहणारा हमाल, कोंडा चाळणारी बाई, या सर्वांच्या नाकातोंडात तीच धूळ जाते. डेन्मार्कमधल्या पशुखाद्य कारखान्यांतील कामगारांचा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यात यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले. अफलाटॉक्सिन माणसात कर्करोग घडवते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केव्हाच मान्य केले आहे. ज्याला हिपॅटायटीस बी आहे त्याला तर हा धोका कित्येक पटींनी वाढतो. आपल्याकडे ढेप फोडणाऱ्या मजुराच्या तोंडावर साधा रुमालही नसतो आणि त्याला कावीळ झाली तर 'दारू पीत असेल' असे म्हणून विषय संपवला जातो.

आपल्या देशाला या विषाची ओळख नाही असेही नाही. १९७४ साली ऑक्टोबरच्या अवकाळी पावसात राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या आदिवासी जिल्ह्यांत उभा मका भिजला. तोच मका घरात साठवला गेला. दुसरे धान्य नव्हते म्हणून भिल्ल कुटुंबांनी तोच खाल्ला. दोनशेहून अधिक गावांत कावीळ पसरली. तपासकर्त्यांनी नोंदवलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ माणसे मेली. घरातले उष्टे खाणारी कुत्रीही काविळीने मेली. पुढे मक्यात अफलाटॉक्सिन सापडले. १९९५ साली दख्खनच्या पठारावर पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन २७ गावांतली माणसे पोटाच्या विकाराने आजारी पडली. तिथे फ्युमोनिसिन सापडले. दोन्ही वेळा कारण एकच होते. बुरसटलेले धान्य फेकून देण्याची ऐपत नव्हती. आपली काळी पडलेली ज्वारी कोणाच्या ताटात जाते, हे आठवून पाहा.

येथे एक गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो. हा लेख वाचून कोणी मासे खाणे सोडू नये. माशाच्या मांसात हे विष फारसे साचत नाही. जे साचते ते मुख्यतः यकृतात आणि आतड्या-मूत्रपिंडात. मासा नीट साफ करून, आतले सारे काढून टाकून खाल्ला तर खाणाऱ्याला असलेला धोका बुरसट शेंगदाणा किंवा मका खाण्याच्या मानाने पुष्कळ कमी आहे. मासा हे गरिबाच्या ताटातले स्वस्त आणि उत्तम प्रथिन आहे. त्याच्याविरुद्ध भीती पसरवणे म्हणजे मासेमाराच्या पोटावर आणि गरिबाच्या आरोग्यावर एकाच वेळी पाय देणे होय. आपला रोख माशाकडे नाही. तो पोत्याकडे आणि पोत्याबाबत मौन पाळणाऱ्या व्यवस्थेकडे आहे.

आता कायद्याकडे येऊ. बियाण्यासाठी १९६६ चा कायदा आहे. कीटकनाशकासाठी १९६८ चा कायदा आहे. खतासाठी १९८५ चा नियंत्रण आदेश आहे. निरीक्षक आहेत, नमुने घेण्याची पद्धत आहे, प्रयोगशाळा आहेत. त्यांची अंमलबजावणी किती होते हा वेगळा प्रश्न, पण दाद मागायला दार तरी आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या खाद्यासाठी त्या तोडीचा स्वतंत्र कायदा नाही. भारतीय मानक ब्युरोने मत्स्यखाद्याचे मानक तयार केले आहे. परंतु मानक छापणे वेगळे आणि ते प्रत्येक पोत्यावर बंधनकारक करणे वेगळे. सुट्या ढेपेला आणि कोंड्याला तर ना शिक्का, ना तारीख, ना कोणाचे नाव. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याचे स्वागत आहे. पण कृषीचा दर्जा म्हणजे केवळ विजेचा दर आणि कर्जाचे व्याज नव्हे. शेतकऱ्याच्या बियाण्या-खताला जे संरक्षण, ते मासेमाराच्या खाद्याला मिळाले तरच त्या दर्जाला अर्थ आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने लोकांचे पोषणमान आणि आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्यांपैकी एक मानले आहे. ते कर्तव्य तळ्याच्या काठावर येऊन थांबत नाही.

तोवर हातावर हात ठेवून बसायचे का? मुळीच नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या हातात आहे. सहकारी संस्थाही त्या कायद्याप्रमाणे 'व्यक्ती' आहे. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी केलेली खरेदी व्यापारी हेतूची धरली जात नाही. दोष तपासणीशिवाय कळणार नसेल तर आयोगाने नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवावा, अशी तरतूद कलम ३८ मध्ये आहे. आणि नमुना उरलाच नसेल तर? २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल देताना सांगितले की शेतकरी बियाणे पेरण्यासाठी घेतो. त्यातला थोडा भाग तपासणीसाठी राखून ठेवील अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. तो निकाल बियाण्याचा आहे, पण तर्क मत्स्यखाद्यालाही लागू पडावा असा आहे आणि तो न्यायालयासमोर मांडला गेला पाहिजे. मात्र एक लक्षात ठेवा. त्या शेतकऱ्यांच्या बाजूने तज्ज्ञांनी शेत पाहून दिलेले अहवाल होते. आमच्या भंडाऱ्याच्या माणसांकडे तेही नव्हते. कायदा त्यालाच मदत करतो ज्याच्या हातात कागद असतो. आपल्या माणसाला शतकानुशतके कागदापासून दूर ठेवले गेले, म्हणून कागद सांभाळण्याची सवय आपल्याला मुद्दाम लावून घ्यावी लागेल.

म्हणून सभासदांना सांगणे आहे ते असे. खाद्य घेताना पक्के बिल घ्या. त्यावर दुकानाचे नाव, तारीख, वजन आणि मालाचे नाव असू द्या. प्रत्येक खेपेतल्या पाच-सहा पोत्यांच्या वरून, मधून, तळातून मूठ मूठ काढून, एकत्र करून, किलोभर खाद्य कोरड्या डब्यात बंद करून ठेवा. एकाच मुठीवर भिस्त ठेवू नका, कारण विष पोत्यात सारखे पसरलेले नसते. एका गठ्ठ्यात असते, शेजारच्यात नसते. डब्यावर तारीख आणि दोन सभासदांच्या सह्या असाव्यात. पावसाळ्याचे खाद्य एकदम घेऊ नका, पंधरा दिवसांपुरते घ्या. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचा. कुबट वास आला, गाठी झाल्या, रंग बदलला तर ते खाद्य तळ्यात टाकू नका आणि गुरांनाही घालू नका. चांगल्यात मिसळून खपवण्याचा मोह टाळा. ढेप फोडताना नाक-तोंड बांधा. मासे मरू लागले तर त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय विभागाला लेखी कळवा, पोच घ्या, फोटो काढा, सरपंच-पोलीस पाटलाच्या सहीने पंचनामा करा, आणि काही मासे बर्फात ठेवून तपासणीला न्या.

आणि सरकारकडे मागणी ती अशी. मत्स्यखाद्याचे मानक बंधनकारक करा, सुटी ढेपही त्यात आणा. पोत्यावर उत्पादनाची तारीख, खेप क्रमांक आणि अफलाटॉक्सिनची तपासणी छापली गेली पाहिजे. पट्टीवर काही मिनिटांत अफलाटॉक्सिन दाखवणारी साधने बाजारात आहेत. ती तालुक्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात ठेवा. नागपूरला पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. पूर्व विदर्भातल्या संस्थांसाठी तिथे मोफत तपासणीची सोय करा. पीक बुडाले की तलाठी पंचनाम्याला येतो. तळे बुडाले की ठरलेल्या मुदतीत पंचनामा झालाच पाहिजे. संस्थांना कोरड्या गोदामासाठी अनुदान द्या. आणि ढेप-कोंड्याच्या गिरण्यांतल्या कामगारांची आरोग्य तपासणी करा.

या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. हे साधे न्यायाचे बोल आहेत. चळवळीतल्या कार्यकर्त्यांना मात्र एक विचारावेसे वाटते. आपण मोर्चे काढतो, निवेदने देतो, ते आवश्यकच आहे. पण गावच्या तळ्यावर जाऊन, संस्थेच्या खोलीत रचलेले पोते उघडून, त्याचा वास घेण्याचे काम आपल्यापैकी किती जणांनी केले? मीही केले नव्हते. ती पाच माणसे माझ्या दारात आली नसती तर आजही केले नसते.

गेल्या पावसाळ्यात त्या गावी गेलो होतो. संस्थेच्या खोलीत फळ्या टाकल्या होत्या. कोनाड्यात सात डबे ओळीने ठेवले होते, प्रत्येकावर कागद चिकटवलेला, तारीख आणि दोन सह्या. एक सही होती, एक अंगठा होता. मी डब्यांकडे पाहत असताना म्हातारे काका म्हणाले, "आता कोणी म्हणलं का सिद्ध करा, तर डबा घेऊनच येतो तुमच्याकडे."

मी त्यांना म्हटले, याच. यावेळी खटला उभा राहील.